पाठमोरा माणूस समोरून

बर्लिनला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी फिलहार्मोनीत, म्हणजे बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या हॉलमध्ये, गेले ती फक्त तिकीट स्वस्त मिळालं म्हणून, उगाच संगीताची ओढ वगैरे सांगत नाही. ब्लॉक एच म्हणून एक भाग आहे तिथे, ऑर्केस्ट्राच्या थेट मागे, टिंपनीवाल्याच्या (मोठे नगारे वाजवणाऱ्याच्या) डोक्यावर म्हणा ना. कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, असला की तिथे तो बसतो, नसला की त्या जागा आमच्यासारख्यांना विकतात. आवाज सगळा उलटा येतो, ट्रॉम्बोनचे पितळी कर्णे कानात आणि व्हायोलिनं लांब कुठेतरी, गायिका असेल तर तिची पाठ आणि अर्धामुर्धा आवाज. पण तिथून एक गोष्ट दिसते जी समोर महागड्या खुर्चीत बसलेल्यांना दिसत नाही, ती म्हणजे काठी हलवत ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरचं तोंड.

आणि त्या तोंडावर काय काय चाललेलं असतं! एक पाहुणा कंडक्टर (नाव नाही सांगत) लोकांकडे वळला की असा गोड हसायचा आणि ऑर्केस्ट्राकडे वळला की लगेच सासूचा चेहरा. दुसरा एक अख्खा वेळ ओबोवालीला (ओबो म्हणजे सनईसारखं वाद्य) डोळ्यांनी "छान, छान, चालू दे" म्हणत होता आणि ती बाई काय सुंदर वाजवत होती. तेव्हापासून मला संगीतापेक्षा या भानगडीचंच वेड लागलं. मिळेल ते वाचते, रिहर्सलचे व्हिडिओ बघते, रात्री एक वाजता टोस्कानिनी या जुन्या इटालियन कंडक्टरचा आरडाओरडा ऐकत बसते.

मागे आईला व्हिडिओ कॉलवर एक क्लिप दाखवली तर ती म्हणाली, "अगं पण तो हातवारे करणारा नसला तर हे वाजवणार नाहीत का? आपल्याकडचा कंडक्टर निदान तिकीट तरी देतो." प्रश्न अगदी बरोबर आहे. वाजवतात की. मॉस्कोत 1922 ते 1932 अशी दहा वर्षं कंडक्टरशिवायचा ऑर्केस्ट्रा होता, क्रांतीनंतरचा काळ, साहेबच नको म्हणून. न्यूयॉर्कला 1972 पासून एक आहे. म्हणजे काम अडत नाही. मग मी आईला टिंपनीवाल्याची गोष्ट सांगितली. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये फुर्टवेंगलर या त्यांच्या नामांकित कंडक्टरच्या काळात एक टिंपनीवादक होता, त्याने लिहून ठेवलंय. कुठल्याशा पाहुण्या कंडक्टरबरोबर रिहर्सल चाललेली, याला वाजवायला काही नव्हतं म्हणून हा आपला स्वरलिपीत डोकं घालून बसलेला, आणि अचानक सगळ्यांचा आवाजच बदलला, एकदम भरदार, उबदार. दचकून वर बघतो तर कंडक्टर तोच, पण हॉलच्या दारात फुर्टवेंगलर येऊन उभा. नुसता उभा. हात हलवणं सोडा, तोंडातून शब्द नाही.

आई म्हणाली, "हां, म्हणजे बाबा घरात आले की तुम्ही अभ्यासाला बसायचात तसं." मी म्हटलं अगदी तसं नाही गं, कारण धाकाने आवाज टाइट होतो, इथे तो मोकळा झाला होता. पण तिचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं पण नाही.

गंमत अशी की या बर्लिनच्या ऑर्केस्ट्राचा जन्मच मुळी कंडक्टरशी झालेल्या भांडणातून झालाय. 1882 मध्ये बर्लिनला बेंजामिन बिल्झे म्हणून एकाचा बँड होता, लोक टेबलाशी बसून बियर पीत ऐकायचे, बायकापोरं घेऊन यायचे, धंदा जोरात. बिल्झे मालकही तोच आणि कंडक्टरही तोच. त्याने दौऱ्यासाठी वॉर्सोला जायचं ठरवलं आणि वादकांना म्हणाला चौथ्या वर्गाच्या डब्यातून चला. चौथ्या! 54 जण उठले आणि सोडून गेले, स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला, रोलर स्केटिंगचा एक हॉल होता त्यात कार्यक्रम सुरू केले. आज जगात ज्याचं नाव पहिल्या दोन-तीनात घेतात तो ऑर्केस्ट्रा म्हणजे मूळचा एक संप आहे. आणि ती सवय काही गेली नाही. आजही मुख्य कंडक्टर कोण हे सरकार किंवा शेठजी ठरवत नाही, वादक मत देऊन ठरवतात. 2015 च्या मे महिन्यात एका चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन 11 तास बसले आणि बाहेर येऊन सांगितलं की ठरलं नाही. पुढच्या महिन्यात किरिल पेत्रेन्को ठरला. नवीन वादक घ्यायचा तरी आधी प्रोबेशन आणि मग सगळ्यांचं मतदान, दोन तृतीयांश मतं मिळाली तर आत नाहीतर घरी.

आता असल्या लोकांसमोर हर्बर्ट फॉन कारायनसारखा माणूस उभा करा. 1955 मध्ये त्याला तहहयात नेमलं. डोळे मिटून कंडक्ट करायचा, म्हणजे माझ्यासारखीने ब्लॉक एचमध्ये बसून काय बघायचं? पण वादकांचं त्याच्यावाचून अडत होतं आणि त्याचं वादकांवाचून, रेकॉर्डवर रेकॉर्ड काढल्या, दोघांनी भरपूर पैसा केला, वर्षानुवर्षं संसार नीट चालला. आणि मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाबिने मायर नावाची विशीतली क्लॅरिनेटवाली आली आणि सगळं फाटलं.

कारायनला ती हवी होती. ऑर्केस्ट्राला नको होती. प्रोबेशननंतरचं मतदान 73 विरुद्ध 4. कारण काय दिलं, तर म्हणे तिचा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही. कारायनचं म्हणणं, बाई आहे म्हणून नको झालीय. 1882 पासून शंभर वर्षं तिथे एकही बाई नव्हती, पहिली व्हायोलिनवाली 1982 मध्ये आली, तेव्हा त्याच्या म्हणण्यात तथ्य नसेल असं कोण म्हणेल. तो इतका भडकला की कराराच्या बाहेरची जादाची कामं बंद, साल्झबर्गच्या कार्यक्रमाला बर्लिनवाल्यांऐवजी व्हिएन्नावाल्यांना बोलावलं. (सवतीला घरी जेवायला घालणं म्हणतात याला.) शेवटी ती मुलगीच नऊ महिन्यांनी आपणहून निघून गेली आणि एकटी वाजवून जगभर नाव केलं. पण कारायन आणि ऑर्केस्ट्रा यांचं काही पूर्वीसारखं झालं नाही. एप्रिल 1989 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि जुलैमध्ये गेला, वय 81.

आता मी कोणाच्या बाजूची? बरेच दिवस मी कारायनच्या बाजूची होते कारण बाईची बाजू त्याने घेतली होती. मग एकदा माझ्याच ऑफिसात वरच्या साहेबाने एकाला आमच्या टीमवर लादलं, माणूस हुशार होता, तरी आम्ही सगळे तोंड फुगवून बसलो, आणि तेव्हा वाटलं की त्या 73 मधल्या काहींचा राग बाईवर नसेलही, आम्हाला न विचारता का, एवढाच असेल. काहींचा. सगळ्यांचा नव्हे.

कारण उलट बाजूची गोष्ट पण आहे आणि ती म्युनिकची. तिथे 1980 मध्ये ट्रॉम्बोनची जागा निघाली, उमेदवार पडद्यामागे बसवून ऐकले, एकूण 33. सोळाव्या नंबरने असं काही वाजवलं की प्रश्नच मिटला. पडद्यामागून बाहेर आली आबी कॉनंट, अमेरिकन बाई, आणि बोलावणं गेलेलं "हेर" आबी कॉनंट म्हणून, म्हणजे श्रीयुत. निवड तर झाली होती. पण मुख्य कंडक्टर होता सेर्जू चेलिबिदाके, आणि प्रोबेशन संपल्यावर त्याने तिला दुसऱ्या ट्रॉम्बोनला बसवलं, सोलो ट्रॉम्बोनला पुरुषच लागतो म्हणून. मग कोर्ट. अहो, त्या बाईने फुप्फुसं तपासून घेतली, दम किती आहे याचे डॉक्टरी कागद कोर्टात दिले! जागा परत मिळवायला 1988 उजाडलं, पगार बाकीच्यांइतका व्हायला 1993. आणि इतकी वर्षं ती रोज जाऊन त्याच माणसाच्या हाताकडे बघून वाजवत होती, हे मला कळतच नाही कसं जमलं असेल. साहेबाशी केस चालू असताना आपण ईमेलला उत्तर देऊ शकतो, पण श्वास? ट्रॉम्बोनमध्ये तर श्वासच द्यायचा असतो, आणि तोही समोरचा खूण करेल तेव्हा.

वाईट याचं वाटतं की चेलिबिदाकेचं संगीत मला आवडतं. रेकॉर्डिंग करू द्यायचा नाही, संगीत तिथल्या तिथे घडतं आणि संपतं म्हणायचा, एकेक जागा घासून घासून बसवायचा. तो गेल्यावर रेकॉर्डिंग बाहेर आली आणि ती ऐकताना मी नेहमी मागच्या ट्रॉम्बोनच्या रांगेकडे कान लावते.

टोस्कानिनीचं तर विचारूच नका. काठ्या मोडणं, शिव्या, सगळं टेपवर आहे. 1919 मध्ये तुरीनला एका व्हायोलिनवाल्याचा बो (गज) त्याने असा उडवला की त्याच्या चेहऱ्याला लागलं, कोर्टकचेरी झाली. तो स्वतः मूळचा चेलोवाला, 19 व्या वर्षी रिओमध्ये कंडक्टरचा गोंधळ झाला म्हणून याला उभा केला आणि त्याने अख्खा ऑपेरा पाठ कंडक्ट केला, म्हणजे रांगेत बसून कसं वाटतं हे याला माहीत नव्हतं असं नाही. पण 1931 मध्ये बोलोन्यात फॅसिस्टांचं गाणं वाजवायला हाच माणूस नाही म्हणाला आणि त्यांच्या गुंडांच्या थपडा खाल्ल्या, 1936 मध्ये हिटलरच्या छळातून सुटून आलेल्या ज्यू वादकांचा नवा ऑर्केस्ट्रा पॅलेस्टाईनमध्ये उभा राहिला तर त्याचा पहिला कार्यक्रम एक पैसा न घेता केला. हुकूमशहापुढे न वाकणारा माणूस रिहर्सलमध्ये स्वतःच हुकूमशहा. मी हे दोन टोस्कानिनी एकत्र जोडायचा प्रयत्न सोडून दिलाय.

आज तो चालला असता का? ऑगस्ट 2023 मध्ये सर जॉन एलियट गार्डिनर या इंग्रज कंडक्टरने फ्रान्समध्ये कार्यक्रमानंतर एका गायकाला मारलं, का तर म्हणे मंचावरून चुकीच्या बाजूने उतरला. माफी मागितली, पण साठएक वर्षांपूर्वी स्वतःच सुरू केलेल्या कॉयरमध्ये परत जाता आलं नाही. म्हणजे काळ बदललाय, थोडा तरी.

सगळेच असे तापट नव्हते हो. कार्लोस क्लायबर तर लाजरा, कार्यक्रम रद्द करण्यात प्रसिद्ध. 1982 मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनची चौथी सिंफनी बसवत होता. दुसऱ्या भागात एक लय आहे, ती त्याला "तेरेझ, तेरेझ" अशी ऐकू यायला हवी होती आणि वादक वाजवत होते "मारी, मारी". सांगून सांगून थकला आणि निघून गेला. शिवीगाळ नाही, काठी मोडणं नाही, उठला आणि गेला. मला विचाराल तर ओरडणारा परवडला. ओरडणाऱ्याला निदान शांत तरी करता येतं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 1950 च्या दशकात व्हिएन्नात दोन पोरं कंडक्टिंग शिकत होती. एक आपल्या मुंबईचा पारशी, झुबिन मेहता, डबल बास वाजवायचा. दुसरा मिलानचा क्लाउडियो अब्बादो. मोठमोठ्या कंडक्टरांच्या रिहर्सल चालायच्या पण विद्यार्थ्यांना आत सोडायचे नाहीत. मग यांनी काय करावं? दोघे कॉयरमध्ये भरती झाले! बास आवाजात गायचे आणि ऑर्केस्ट्राच्या मागे उभं राहून कारायन, ब्रूनो वॉल्टर असल्या लोकांची तोंडं बघायचे. म्हणजे माझी ब्लॉक एचची आयडिया सत्तर वर्षं जुनी निघाली. हे वाचलं तेव्हा मी आईला लगेच फोन केला. झुबिन मेहता तिला माहीत आहे, ती म्हणाली "बघ, मुंबईचा तो", जसा काही तिनेच शिकवून पाठवला होता.

टोस्कानिनीने सुरू करून दिलेला तो पॅलेस्टाईनचा ऑर्केस्ट्रा पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि मेहता त्यांच्याबरोबर 2019 पर्यंत राहिला. आणि अब्बादोला बर्लिनवाल्यांनी 1989 मध्ये कारायनच्या जागी निवडलं. त्याने आल्या आल्या सांगितलं, माएस्त्रो वगैरे नको, मी क्लाउडियो. चौतीस वर्षं साहेबाची सवय लागलेल्यांना ते आवडलं, आणि मग काहींना नावडायला पण लागलं, कारण तो रिहर्सलमध्ये फार बोलतच नसे, एकमेकांचं ऐका एवढंच सांगायचा. कुरकुर झाली. आपलं पण तसंच असतं ना, ओरडणारा गेला की आठवडाभर बरं वाटतं आणि मग कोणीतरी म्हणतंच, आता शिस्त राहिली नाही. अब्बादोने 2002 मध्ये बर्लिन सोडलं, मधे कॅन्सर होऊन गेला होता, आणि 2003 मध्ये लुत्सर्नला आपल्या आवडत्या वादकांना गोळा करून ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात क्लॅरिनेटला कोण होतं? झाबिने मायर. आजूबाजूला बर्लिनचे आजी-माजी वादक पण होते. आवाज छान मिसळत होता, मी रेकॉर्डिंग बघितलंय.

परवा पुन्हा गेले होते, ब्लॉक एच, पेत्रेन्को होता. हा मुलाखती देत नाही म्हणून त्याच्याबद्दल बाहेर फारसं कळत नाही, पण मागून बघितलं तर सगळं चेहऱ्यावर लिहिलेलं. एका जागी हॉर्नवाल्याचा सूर किंचित घसरला, मला सुद्धा कळलं, म्हणजे बघा. पेत्रेन्कोने त्याच्याकडे बघितलंच नाही, मुद्दाम दुसरीकडे बघितलं, आणि चार ओळींनंतर त्याचीच अवघड जागा आली तेव्हा बरोबर त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. हॉर्नवाला माझ्या खालीच, त्याची मान लाल झालेली दिसत होती. ती जागा त्याने सोन्यासारखी वाजवली.

शेवटी टाळ्या. पेत्रेन्कोने सगळ्यांना उठायची खूण केली आणि कोणी उठेनाच. ही इथली पद्धत आहे, वादक खुश असले की बसूनच राहतात आणि पाय आपटतात, म्हणजे टाळ्या तुझ्या एकट्याच्या. त्याने परत हात वर केले, ते हसत बसून राहिले. मग तो बिचारा त्या मधल्या चौथऱ्यावर एकटाच उभा, हात कुठे ठेवावे कळेना, तोंड पार शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखं. दोन तास शंभर माणसं हलवत होता आणि आता त्याला त्या मागच्या डबल बासवाल्याला पण उठवता येत नव्हतं.