दुकानात गप्प, घरी करंट

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून गावभागातल्या एका गिऱ्हाइकानं कोर टू ड्युओचा जुना सीपीयू आणि 17 इंची चौकोनी मॉनिटर नेला होता. लहानपणी पार्लरमध्ये नाणी घालून खेळलेला ‘मुस्तफा’ हा व्हिडिओ गेम घरी, तसल्याच उभ्या पेटीत खेळायचा होता. महिन्याभरानं तयार पेटी टेम्पोत घालून ते परत आले. "दादा, ही करंट मारायलीय."

दुकानातल्या तीन पिनी सॉकेटला पेटी लावली. बटणांच्या पॅनलवर हात ठेवला, काही नाही. मीटरची एक वायर पॅनलला, दुसरी अर्थिंगला, तरी आकडा शून्यच.

पेटी मात्र झकास बांधली होती. बाजू 18 मिमी प्लायच्या, एमडीएफ कुठंही नाही. एमडीएफ पाणी प्याला की फुगतो, हे 2019 च्या पुरानंतर सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. पॅनल जमिनीपासून तीन फुटांवर, 12 मिमी प्लायचं, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. बटणं आट्याची, खालून नट आवळायची. क्लिपची बटणं पातळ पत्र्यात बसतात, 12 मिमी प्लायमध्ये त्यांची क्लिप पकडतच नाही. चूक एकच, 28 मिमीच्या बटणाला 30 मिमीचं भोक पाडलेलं. बटण नटासकट फिरत होतं आणि खालची वायर पिळत होती. पातळ रबरी पट्टी गुंडाळून ते भागलं. पेटीत बिघाड झाला की तो बहुधा इथंच असतो, कॉम्प्युटरला उगाच शिव्या बसतात.

मॉनिटर 1280 बाय 1024, म्हणजे 5:4. जुने गेम 4:3 चे. चित्र 1280 बाय 960 वर बसवलं की वर-खाली 32-32 पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती राहू द्यावी. ताणून पडदा भरला की माणसं लांबोडकी दिसतात.

मग मी विचारलं, "घरी कशाला लावता?"

"एक्स्टेन्शन बोर्डाला. तीन भोकं हायत की त्याला."

भोकं तीन असली म्हणून मागं वायरी तीन असतातच असं नाही. दोन पिनी कन्व्हर्टर लावून तीच पेटी दुकानातच चालू केली. मीटर 108 व्होल्टवर गेलं.

कारण असं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला खरखराट गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून धातूच्या बॉडीकडं एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलं की बॉडी मधल्यामध्ये लोंबकळते, 230 च्या साधारण निम्म्यावर. प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतला असल्यानं जीव जात नाही, झिणझिण्या येतात. पण सीपीयू तर पेटीच्या पोटात, मग पत्र्यावर कुठून आलं? पेनड्राइव्ह लावायला जुन्या कॅबिनेटचं पुढचं यूएसबी तोंड त्यांनी पत्र्यातच बसवलं होतं. त्याचं धातूचं कवच मदरबोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलं असतं. म्हणजे सगळा पत्रा बॉडी झाला, आणि खेळताना मनगटं त्याच्यावरच टेकतात.

यूएसबीखाली रबर घालावं का, असं त्यांनी विचारलं. नको. उद्या एसएमपीएसमधला फेज खरोखर बॉडीला टेकला, तर अर्थिंगशिवाय एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पडणारच नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. खाली शहाबादी फरशी. मुलाला म्हणे काहीच लागत नव्हतं. तो चप्पल घालून खेळायचा, वडील अनवाणी. पत्रा आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग यांच्यामध्ये 15 वॅटचा बल्ब धरला. पेटला नाही, आणि मीटरवरचे व्होल्टही कोसळले. फेज लागला असता तर बल्ब उजळला असता. मग बोर्ड काढला. प्लग उपटून स्क्रू खोलले तर तिसऱ्या भोकामागं पितळी पट्टी होती, तिला वायरच नव्हती. केबल दोन तारांची.

आधी भिंतीचं अर्थिंग तपासलं. फेज-न्यूट्रलवर बल्ब जेवढा पेटला, तेवढाच फेज-अर्थवर. (घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, असेल तर या तपासणीत तो पडतो, पडला की अर्थिंग आहे असं समजावं.) एक चौरस मिमीची तीन तारांची वायर टाकून नवा बोर्ड लावला. शिवाय पत्र्याला रिंग टर्मिनल लावून हिरवी वायर एसएमपीएसच्या स्क्रूला बांधली. आता यूएसबी तोंड कुणी काढलं तरी पत्रा अर्थिंगवरच राहणार.

तेवढ्यात पेटी काळ्या पडद्यावर एफ-1 मागत थांबली. पेटीला कीबोर्ड नाही, एफ-1 दाबणार कोण? मदरबोर्डावरचा सीआर 2032 सेल मेला होता. वीज गेली की बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) सगळ्या सेटिंग विसरायचं. सेल बदलून ‘कीबोर्ड नसला तरी थांबू नको’ आणि ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ या दोन्ही सेटिंग पुन्हा घातल्या.

शेवटची कुरकुर मुलाची: अधूनमधून खेळाडू एक आणि दोन यांची अदलाबदल होते. बटणं कॉम्प्युटरला जोडणारे दोन्ही यूएसबी एन्कोडर सारखेच, नावही सारखंच. ज्याची ओळख आधी लागेल तो पहिला. हब काढून टाकला, दोन्ही वायरी थेट मागच्या पोर्टांत घातल्या आणि पोर्टावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे साफसफाईत वायर निघाली तरी जागा चुकणार नाही.