आमची वाटचाल : सापाची पेटी आणि तिच्या फटी

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये पूर्वी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दुकानांसाठी शोकेस तयार होत. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर ओसरू लागला, तेव्हा सांगलीत घराघरांतून साप निघू लागले आणि ओळखीच्या सर्पमित्रांनी, पकडलेला साप निसर्गात सोडेपर्यंत सुरक्षित राहील अशा पेट्या आमच्याकडे मागितल्या. त्या कामातून आम्ही या व्यवसायात आलो. आज बॉल पायथन (एक लहान आफ्रिकी अजगर), कॉर्न स्नेक यांसारखे बिनविषारी परदेशी साप पाळणाऱ्यांसाठी कायमस्वरूपी पेट्या बनवणे हेच आमचे मुख्य काम आहे.

खिडकीचे ज्ञान येथे अर्धेच उपयोगी पडते. दोन सरकत्या काचा जेथे एकमेकींवर येतात तेथे काही मिलिमीटरची फट राहतेच. खिडकीत ती ब्रशपट्टीने झाकली की भागते. साप मात्र ती पट्टी नाकाने सहज बाजूला सारतो. ज्या फटीत डोके शिरते त्यातून बहुधा उरलेले शरीरही जाते, आणि कॉर्न स्नेकचे नुकते जन्मलेले पिल्लू पेन्सिलीहूनही बारीक असते. म्हणून पिलांसाठी आम्ही सरकत्या काचा वापरतच नाही. एकसंध दार आणि त्याला दोन ठिकाणी कडी, एवढेच देतो. मोठ्या सापांच्या पेटीत फटीवर कडक पारदर्शक पट्टी बसवतो आणि शोकेसचे दातेरी कुलूप लावतो, कारण अंग काचेला घासत पुढे सरकणारा साप कुलूप नसलेली काच हळूहळू ढकलू शकतो. झाकणावर वीट किंवा पुस्तके ठेवण्याची पद्धत आम्हाला मुळीच मान्य नाही. कोपऱ्याला शरीराचा टेकू देऊन अजगर खालून जो जोर लावतो, त्यापुढे असे वजन टिकत नाही. फट बुजवण्यासाठी आतून चिकटपट्टी लावणे तर क्रूरच आहे. साप तिला चिकटतो आणि सोडवताना त्याची कातडी फाटते.

हवेसाठी जाळीऐवजी आम्ही तीन मिलिमीटरची छिद्रे पाडतो, कारण जाळीवर सतत नाक घासून सापाला जखमा होतात. वायर आत नेण्याच्या जागी केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळली जाणारी बुचासारखी जोडणी, बसवतो. पेटी पूर्ण झाली की अंधाऱ्या खोलीत तिच्या आत दिवा लावतो आणि छिद्रांखेरीज कोठूनही उजेड आला तर ती पुन्हा कामावर घेतो.

तथापि उत्तम कुलूप लावूनही साप रात्रभर वाटा शोधत राहिला, तर दोष बहुतेक वेळा आतील व्यवस्थेत असतो. बॉल पायथनला एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान लागते, तसेच अंग चिकटून बसेल अशी लपण्याची जागा लागते. त्यामुळे थर्मोस्टॅट आणि लपण-खोकी आम्ही पेटीसोबतच देतो.

या बाबतीत आमचा आग्रह एवढा का, हे आपल्या भागाचा विचार केल्यावर कळेल. सुटलेला बॉल पायथन उसाच्या कडेला दिसला, तर अंगावरील तपकिरी ठिपक्यांमुळे लोक त्याला घोणस समजून मारतील. याच्या उलट प्रकार अधिक भयंकर आहे : शेजाऱ्याचा साप सुटला आहे हे ऐकून एखादा मुलगा खऱ्या घोणशीला पाळीव अजगर समजून हात लावील. बिनविषारी साप सुटला तरी जीव जाऊ शकतो, तो असा.

कायद्याविषयीही आम्ही ठाम आहोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, भारतीय अजगर असे आपले साप घरी पाळता येत नाहीत. अशा सापासाठी पेटी मागणाऱ्याला आम्ही नकार देतो. याच कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींची केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती कागदपत्रे पाहिल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. काही ग्राहक त्यामुळे परत जातात, आणि ते आम्हाला चालते.

दमट हवेत प्लायवूड फुगून दारे वाकतात, म्हणून आता पेट्यांचा सांगाडा आम्ही पीव्हीसी शीटचा करतो. जुन्या प्लायवूडच्या पेट्या पावसाळ्यापूर्वी शेडवर आणल्यास त्यांची दारे आणि पट्ट्या विनामूल्य तपासून दिल्या जातात. साप मात्र घरीच, दुसऱ्या कुलूपबंद पेटीत ठेवून यावे.