तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध तिकडे, मग सिलिंडर इकडे का महागतो?

'आपला गॅस काही युक्रेनमधून येत नाही, मग?' हा प्रश्न २०२२ पासून कायम विचारला जातो. गॅस तिथून येत नाही, हे खरंच. आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो, आणि तो मुख्यतः आखातातून. पण त्याचा दर सौदी अरामको ही सौदी अरेबियाची तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते त्या 'सीपी'ला (कॉन्ट्रॅक्ट प्राइस, म्हणजे कराराचा भाव) बांधलेला असतो, आणि सीपी जगभरच्या तेल-वायूच्या भावाबरोबर वरखाली होते.

हिशेब हाताने मांडा. एका टनात १४.२ किलोचे साधारण ७० सिलिंडर भरतात. सीपी टनामागे १०० डॉलरने चढली आणि डॉलर ८० रुपयांचा धरला, तर सिलिंडरमागे सुमारे ११४ रुपये वाढतात. तेल महागलं की रुपयाही घसरतो. ६०० डॉलर टनाच्या मालावर डॉलर एका रुपयाने वधारला, तरी सिलिंडरला आणखी साडेआठ रुपये. आखातातली जहाजं ज्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव असेल तर जहाजांचा विमा महागतो, त्यासाठी गोळी सुटावी लागत नाही.

ही सगळी वाढ तुमच्या पावतीवर दिसत नाही, कारण बरीचशी तेल कंपन्या अंगावर घेतात. मग सरकार भरपाई देतं: ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी रुपये. खतांचा आकडा याच्या कितीतरी पुढे. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, पण ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला ठरलेल्या दरानेच मिळते, फरक तिजोरी सोसते. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खत अनुदान १.०५ लाख कोटी धरलं होतं. प्रत्यक्षात अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. एवढा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळला असता की नाही, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण वळवायला तो उरला नाही, एवढं नक्की.

माझ्या मते खरी अडचण उज्ज्वलाच्या, म्हणजे गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या सरकारी योजनेच्या, रचनेत आहे. मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान आलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झालं; पण ते नंतर खात्यात जमा होतं. एजन्सीवाल्याच्या हातात आधी पूर्ण रक्कम ठेवावी लागते. रोजंदारीच्या घरात एवढे पैसे एकदम निघाले नाहीत की चूल पेटते. २०२२-२३ मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी चार सिलिंडरसुद्धा घेतले नाहीत. त्यांच्यासाठी ५ किलोचा सिलिंडरही आहे, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. आणि अनुदान आलं नाही, तर एजन्सीशी भांडण्याआधी आधार खात्याला जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी झालं आहे का, ते बघा.