बसंत, धमार आणि राखून ठेवलेला ए मेजर

फाल्गुन वद्य चतुर्थी, बेळगाव

उद्या रंगपंचमी. खानापूरच्या वाटेवर पांगारा पानांवाचून लाल झालाय, आंब्याचा मोहोर गळायला लागलाय. दुपारचा वारा इतका कोरडा की पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक एका लांब गाण्यात सुकते आणि आवाज वर चढतो. वसंतावर प्रोग्रेसिव्ह रॉकचा (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा) अल्बम बांधायचा तर तो या कोरडेपणातूनच निघायला हवा, हे आता पक्कं होत चाललंय.

इंग्रजी अल्बममधला वसंत थंडीतून सुटून येतो. जेथ्रो टल या इंग्रज बँडचा १९७७ चा 'साँग्स फ्रॉम द वुड' या बाबतीत फार सुंदर आहे. त्यात हिवाळाभर हिरवाई सांभाळणाऱ्या जॅकचं गाणं आहे, आणि त्यातली सगळी वाद्यं बँडच्या इयन अँडरसननं एकट्यानं वाजवलीत. मे महिन्याचा सण आहे, हिवाळ्यातल्या घंटांचं सात मात्रांचं गाणंही आहे. पण तिथला वसंत म्हणजे सुटका. आपल्याकडं चैत्र-वैशाख तापत जातात आणि सुटका होते ती वळवानं. म्हणून इथल्या अल्बमनं पहिल्या सुरापासून आवळत जायचं आणि शेवटी एकदाच सोडायचं. हे शब्दांनी होत नाही, कोकिळेचा आवाज मधे टाकूनही होत नाही. ते सुरावटीत आणि तालात आधीच रचावं लागतं.

कोकिळेचं रेकॉर्डिंग घ्यायचंच असेल तर यळ्ळूरच्या शिवारात दिवस उजाडायच्या आधी घ्यावं. नराची साद दर वेळी थोडी वर चढत जाते. तिला गाण्याच्या पट्टीत ओढून बसवलं की ती खेळण्यातली वाटते, म्हणून ती आहे तशीच ठेवावी.

एका विषयाभोवती अख्खा कार्यक्रम बांधायची कल्पना आपल्याला परकी नाही. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे एकेका ऋतूचे कार्यक्रम रचले, बंदिशी आणि लोकगीतं एका धाग्यात ओवून. सुळेभावी इथून हाकेवर आहे. बेळगावच्या पोरांनी कन्सेप्ट अल्बमची वाट फक्त लंडनकडून का शोधावी?

फाल्गुन वद्य एकादशी

आज नुसता बसंत राग. सा म्हणजे डी धरला तर बसंतात येणारे सूर असे: डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, बी फ्लॅट, सी शार्प. रिषभ-धैवत कोमल, मध्यम दोन्ही. गिटारवाल्याला यात कुठले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, मिळतात? डी मेजर मिळतो. ई फ्लॅट मेजर आणि मायनर दोन्ही मिळतात, तसेच एफ शार्पचे दोन्ही. जी मायनरही मिळतो, मात्र तो शुद्ध मध्यमावर उभा असल्यानं जपून वापरायचा. बसंतात तीव्र मध्यमच पुढे असतो. मिळत नाही तो ए मेजर. त्यातला ई म्हणजे शुद्ध रिषभ, आणि तो लागला की बसंत संपला.

गोम इथंच आहे. रॉक वाजवणारा हात ओळ संपताना आपोआप ए मेजरवर जातो आणि तिथून डीवर उतरतो. तालमीत निम्म्या वेळा राग मोडतो तो याच जागी. नुसता पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम, घेतला तरी सुटका नाही, कारण एच्या पॉवर कॉर्डमध्येही ई असतोच. बी फ्लॅटच्या पॉवर कॉर्डमध्ये एफ येतो, म्हणजे कोमल गंधार, तोही वर्ज्य. सा, कोमल रे, ग, दोन्ही मध्यम आणि निषाद यांवरचे पॉवर कॉर्ड बिनधास्त घ्यावेत. पंचम आणि धैवत एकेका तारेवर, एकटे वाजवावेत. ओळ संपवायला कोमल रिषभावरून, म्हणजे ई फ्लॅटवरून, डीवर उतरावं. पहिली बाजू सगळी अशीच काढायची, एकदाही ए मेजर न देता. कानाला नेमकं काय हवंय ते ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी अडवून धरलंय हे कळत राहील.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, जास्त असेल तर डी मेजरसुद्धा पूर्ण वाजवू नये. तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा गिटारच्या पडद्याचा गंधार साधारण १४ सेंट (अर्ध्या सुराच्या शंभर भागांतले १४) वर असतो. स्वच्छ आवाजात ते खपतं, खरखरीत आवाजात कॉर्ड थरथरतो. तिथं सा-पंचम वाजवावेत आणि गंधार गळ्यावर किंवा कीबोर्डवर सोपवावा.

खाली येणारी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, हीही सांभाळायची. ओढली की तार वरच जाते. म्हणून सा दाबून तार छेडायच्या आधीच अर्धा सूर वर ओढायची, कोमल रिषभावर छेडायची आणि सोडत सावर यायचं. नवीन तारा आदल्या दिवशी चढवून ताणून ठेवाव्यात, नाहीतर तिसऱ्या मींडेलाच सा खाली बसतो.

चैत्र शुद्ध तृतीया

ताल कुठला, हा प्रश्न फार दिवस रेंगाळला नाही. होरी धमारात गायची जुनी रीत, आणि धमार म्हणजे १४ मात्रा, ५-२-३-४ अशी वाटणी. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले असलं काही मुद्दाम घडवतात, आपल्याकडं ते होळीच्या गाण्यांतच आहे.

क धि ट धि ट । धा ऽ । ग ति ट । ति ट ता ऽ

ड्रमर चुकतो तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. सवयीनं तिथं किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) टाकतो, आणि धमारची सम तर 'क' वर आहे, बंद बोल, घुमारा नसलेला. समेवर स्नेअरची काठी कडेवर द्यावी, किक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि मोठी किक सहाव्या मात्रेच्या 'धा' वर. आठव्यापासून खालचा आवाज काढूनच घ्यावा. नुसती हाय-हॅट पुरते. एवढं केलं की १४ मात्रा मोजाव्या लागत नाहीत, त्या झुलतात. समेवर किक राहिली तर मात्र तेच आवर्तन दोन सातांचं होऊन बसतं. सात मात्रांच्या रूपकातही हीच काळजी, कारण तिथं समच 'खाली' (टाळीऐवजी मोकळा हात) आहे.

लय मिनिटाला १०५ मात्रा ठेवावी. एक आवर्तन बरोब्बर ८ सेकंदांत बसतं. हा आकडा मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डसाठी निवडलाय. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो सुमारे ८ सेकंदांत संपतो. म्हणजे समेवर दाबलेला कॉर्ड पुढच्या समेच्या आत सोडावाच लागतो. संगणकावरचा मेलोट्रॉन वापरला तरी ही मर्यादा चालू ठेवावी. श्वास घेतल्यासारखी जी फट पडते, ती हवीच आहे.

गिटारचा परत परत वाजणारा तुकडा चार मात्रांचा ठेवला तर तो २८ मात्रांनी, म्हणजे १६ सेकंदांनी, समेला भेटतो. सहाचा ठेवला तर ४२ मात्रांनी, २४ सेकंदांनी. पाचाचा ७० मात्रा घेतो. तोवर कान सुरुवात विसरलेला असतो, म्हणून पाच नको. ताल न बदलताही ताण आणता येतो. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या १९१३ च्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या वसंतविधीच्या नृत्यनाट्यात तंतुवाद्यं एकच कॉर्ड सारख्या ठोक्यांत वाजवत राहतात, मोजमाप दोन मात्रांचंच राहतं, आणि आठ हॉर्न भलत्याच जागी आघात देतात. वसंत म्हणजे जमीन फुटणं, हे इतकं उघड मांडलेलं दुसरीकडं क्वचित ऐकू येतं.

पखवाज घरी रेकॉर्ड करायचा असेल तर वडगाव-खासबागेतले माग बंद झाल्यावर करावा. मागांचा ठोका भिंतीतून येतो आणि तो नेमका धुमाच्या सुरात मिसळतो; फिल्टरनं कापायला गेलं की धुमही जातो. कणकेवर दर रेकॉर्डिंगच्या वेळी ओलं बोट फिरवावं.

चैत्र वद्य द्वितीया

दुपारी पूर्वेकडून ढग चढले, गारा काही पडल्या नाहीत. दुसऱ्या बाजूचा शेवट मात्र आज कागदावर नीट उतरला.

बसंतातून बहार रागात जायचं. जुने लोक बसंत-बहार जोडून गातातच. बहाराचा वादी, म्हणजे मुख्य सूर, शुद्ध मध्यम, म्हणून जी मायनरवर थांबावं, जो आतापर्यंत जपून ठेवलाय. बास जीवर, वरचा डी मेलोट्रॉनवर. ड्रम पूर्ण बंद, एक अख्खं आवर्तन. मग मधला एकच सूर अर्ध्यानं वर घ्यायचा, बी फ्लॅटचा बी, कोमल धैवताचा शुद्ध. जी मेजर झाला, आणि बहार उघडला. हा सूर गायकानं घ्यावा, गिटारनं नाही. गळ्यातून तो सरकत येतो, पडद्यावर उडी वाटते. ढगांचा गडगडाट, पावसाचा आवाज असलं काही इथं टाकायचं नाही.

बहारात शुद्ध रिषभ आहे, पण उतरताना. तेव्हा ए मेजर आता घेता येतो, तोही आरोहात न घेता खाली येतानाच. त्याला एक पूर्ण आवर्तन द्यावं, डिस्टॉर्शनशिवाय, सहाही तारा मोकळ्या वाजू देत, आणि सहाव्या मात्रेच्या 'धा' वर डी मेजर.