२६ जुलैची रात्रपाळी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत जणू दोन वेगळे पाऊस पडले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरची. आकाशवाणीचा आमचा स्टुडिओ चर्चगेटला, म्हणजे या दुसऱ्या पावसाच्या हद्दीत. संध्याकाळच्या सभेसाठी, म्हणजे प्रसारणाच्या सत्रासाठी, मी ड्यूटी रूममध्ये सही केली, तेव्हा माझी छत्रीही पुरती भिजलेली नव्हती. मिठी नदीकाठच्या वस्त्यांमध्ये मात्र त्याच वेळी पाणी छपरांना टेकू लागले होते. उद्घोषकाला डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टींविषयी बोलण्याची सवय असते. पण आपल्याच शहराविषयी असे आंधळेपणाने बोलण्याची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

लोकल बंद पडल्या होत्या, त्यामुळे रात्री माझ्याकडून पाळी घ्यायला कोणी येणार नाही हे लवकरच उघड झाले. उपनगरांत वीज गेली होती, टीव्ही आणि केबल ठप्प होते, मोबाइल लागत नव्हते. ज्या घरांनी आम्हाला केव्हाच माळ्यावर टाकले होते, त्या घरांमध्ये त्या रात्री ट्रान्झिस्टर खाली उतरले, त्यांत सेल घातले गेले. हे मला कळले ते ड्यूटी रूममधल्या फोनमुळे. लँडलाइन बऱ्याच ठिकाणी चालू होत्या आणि फोन खाली ठेवला की पुन्हा वाजत होता.

पहिला निर्णय गाण्यांचा होता. जुलै महिना असल्यामुळे क्यू शीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमपत्रकात, पावसाची भावगीते मोठ्या हौसेने लावलेली होती. गळ्याएवढ्या पाण्यातून घर गाठणाऱ्याच्या कानावर श्रावणसरींचे कौतुक घालणे म्हणजे त्याची थट्टाच झाली असती, म्हणून ड्यूटी ऑफिसरांनी ती सगळी गाणी काढायला सांगितली. पण त्यांच्या जागी काय वाजवायचे? एका नवख्या सहकाऱ्याने सारंगीची ध्वनिमुद्रिका काढून आणली आणि मी ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. रेडिओवर अवेळी सारंगी लागली की कोणीतरी मोठे माणूस गेले, हे आपल्याकडच्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४च्या, इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवसाने ती खूणगाठ पक्की केली आहे. शेवटी आम्ही संतूर निवडले, मध्य लयीतले, आणि कोणत्याही क्षणी निवेदनासाठी खाली आणता येईल असे. संगीताची निवड हाही निवेदनाचाच भाग असतो, हे बाहेरच्यांना पटवून देणे अवघड जाते.

रात्री एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी उपनगरातल्या शाळेत होती, ती घरी पोहोचली नव्हती, आणि तिचे नाव रेडिओवरून पुकारावे अशी त्यांची विनंती होती. आमच्याकडे नियम असा की ड्यूटी ऑफिसरांच्या सहीशिवाय कोणताही मजकूर माइकपुढे जात नाही, आणि शहानिशा झाल्याशिवाय ती सही मिळत नाही. अशा रात्री हा नियम निष्ठुर वाटतो, पण तो मोडला तर सकाळपर्यंत शंभर नावे आणि शंभर अफवा एकाच दमात प्रसारित होतील. मी त्यांच्याकडून शाळेचा क्रमांक घेतला आणि संतूरची तबकडी चालू असताना तो फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः फोन उचलला. मुले वरच्या मजल्यावरच्या वर्गांत होती, शिक्षक सोबत होते, खाऊ वाटून झाला होता. मी शाळेच्या नावाने निवेदन लिहिले, ड्यूटी ऑफिसरांनी त्यावर सही केली, आणि मुलांपैकी कोणाचेही नाव न घेता मी ते वाचले. त्या एका निवेदनाने किती घरांत दिवा लागल्यासारखे झाले असेल, याचा अंदाज नंतर आलेल्या फोनवरून आला. फोन करणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांची मुले दुसऱ्याच शाळांत होती, आणि आता आमच्या शाळेचेही सांगा, असा त्यांचा आग्रह होता.

मी १९७०च्या दशकात स्वरचाचणी देऊन नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले आणि मधली काही वर्षे वरळीला दूरदर्शनवरही निवेदने केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्र कृष्णधवल, टेलिप्रॉम्प्टर नाही, पांढरी साडी नेसली तर पडद्यावर नुसता उजेड. मजकूर पाठ करावा लागे, आणि ओळ विसरलीच तर चेहऱ्यावरचे हसू वेळ मारून नेई. रेडिओत ती सोय नाही. तिथे हसू आवाजात उतरते आणि घाबरणेही उतरते. २६ जुलैच्या रात्री मी प्रत्येक निवेदनाआधी फेडर, म्हणजे माइकचा आवाज खुला करणारी सरकपट्टी, उघडण्यापूर्वी श्वास पूर्ण सोडून देत होते, कारण भरलेल्या छातीने बोलू लागले की पहिला शब्द वर चढतो आणि ऐकणाऱ्याला धोक्याची चाहूल लागते. सकाळची पहिली सभाही मीच उघडली.

खरी परीक्षा दोन दिवसांनी झाली. २८ तारखेच्या संध्याकाळी शहरात आवई उठली की धरण फुटले आहे, त्सुनामी येत आहे. आदल्या डिसेंबरातल्या त्सुनामीची दृश्ये सर्वांच्या डोळ्यांपुढे ताजी होती. जुहूच्या नेहरूनगर वस्तीत लोक जीव घेऊन पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली. अधिकृत खुलासा हाती आला तो असा: धरण फुटल्याची बातमी खरी नाही. मजकूर बिनचूक होता, पण तो तसाच वाचायला मी तयार नव्हते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘धरण फुटल्याची बातमी’ एवढे कानावर पडताच माणूस मुलाला कडेवर घेऊन दाराबाहेर पडलेला असतो. ‘खरी नाही’ हे ऐकायला तो घरात नसतो. ड्यूटी ऑफिसरांचे म्हणणे वेगळे होते, आणि तेही रास्त होते: लोक ज्याविषयी विचारत आहेत त्याचे नावच घेतले नाही, तर आपण काहीतरी लपवत आहोत असे त्यांना वाटेल. आमचा बराच वाद झाला. अखेर निवेदन असे ठरले: ‘आपण आहात तिथेच थांबा. मुंबईची सर्व धरणे आणि तलाव सुरक्षित आहेत. समुद्रापासूनही धोका नाही. याविरुद्ध कोणी काही सांगत असेल, तर ते खोटे आहे.’ आधी काय करायचे ते, मग वस्तुस्थिती, आणि अफवा सगळ्यात शेवटी, तीही तिच्या स्वतःच्या शब्दांत नव्हे. अर्धवट ऐकून कोणी रेडिओ बंद केला, तरी जेवढे ऐकले तेवढे त्याला घरात थांबवणारेच असावे, एवढीच दक्षता होती. ‘धोका’ हा शब्द मला अजूनही खटकतो. त्याला पर्याय मला त्या संध्याकाळी सुचला नाही.

निवेदन ठरावीक अंतराने जात राहिले. त्यानंतरही फोन येतच होते, आणि काहींनी तर तुम्ही नेमके कशाविषयी बोलत आहात, असेच विचारले. त्यांना मात्र मी फोनवर धरणाचे नाव घेऊन सगळे नीट समजावून सांगितले, कारण फोनवरचा माणूस वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो.

निवृत्तीनंतर उद्घोषकांच्या प्रशिक्षणासाठी बोलावणे येते, तेव्हा मी तोच मूळ खुलासा फळ्यावर लिहिते आणि निवेदन तयार करायला दहा मिनिटे देते. मग एकाला वाचायला लावून बाकीच्यांना दाराबाहेर उभे करते, आणि वाक्याच्या मध्येच दार उघडून त्यांना आत घेते. प्रत्येकाने काय ऐकले, ते कागदावर लिहून द्यायचे असते.