व्हिएतनामची तयारी, सोलापुरी पद्धतीची

डिसेंबरात हनोईला चाललोय. तिकिटं झाली, पण डोकं आत्तापासूनच तिकडे जाऊन बसलंय. आज ऑफिसमध्ये बिलं तपासताना मनातल्या मनात रुपयांचे डोंग (व्हिएतनामचं चलन) करत होतो. एक लाख डोंग म्हणजे आपले साधारण साडेतीनशे रुपये! त्यांची सगळ्यात मोठी नोट पाच लाखांची. आयुष्यात एकदा तरी खिशात लाखो घेऊन चहा प्यायला मिळणार.

संध्याकाळी नवी पेठेत स्वेटर बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सोलापुरात स्वेटर कशाला लागतोय ओ?" बरोबर आहे त्याचं. पण हनोईत त्या दिवसांत पारा पंधराच्या आसपास असतो म्हणे. आईचा उपाय तयार होता, "चादर घेऊन जा." बॅगेचं अर्धं वजन तेवढ्यातच संपेल, हे तिला कोण सांगणार?

शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर मात्र वाद नाही. भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, चटणीला फ्रीज लागत नाही. बायको म्हणते, तिथलं फो (नूडल्सचं सूप) खायचं सोडून भाकरी मोडत बसणार का? (हो. निदान एका रात्री तरी.)

हालाँग बेचे फोटो बघून झालेत. समुद्रातून वर आलेले ते चुनखडीचे डोंगर १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला मात्र जास्त उत्सुकता हनोईचा रस्ता ओलांडायची आहे. दुचाक्यांचा नुसता पूर असतो म्हणे. आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळी सराव चालू केलाय.

कुणी जाऊन आलंय का? व्हेज जेवणाचं कसं काय?