रिसीव्हरचा दिवा

"मोटर दणदणीत आहे रे, पण सर्वोंना करंट कोण देणार?"

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाकडे बघत मित्राने एवढं म्हणत ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, दोन्ही स्टिक एकदम गोल फिरवल्या. एलरॉन, एलिव्हेटर, रडर या पंख-शेपटीवरच्या पट्ट्या सर्वोंनी, म्हणजे त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींनी, एकाच वेळी हलवल्या आणि विमानातल्या रिसीव्हरचा दिवा क्षणभर मिणमिणला. प्रोपेलर काढून ठेवला होता, विमान टेबलावरच होतं, म्हणून ठीक. पण दिवसभर तो दिवा काही डोक्यातून जाईना.

सर्वो घेताना आपण टॉर्क (फिरवायची ताकद) बघतो, मेटल गिअर बघतो, वजन तर ग्रॅमग्रॅमने मोजतो. अडल्यावर तो किती करंट ओढतो, म्हणजे त्याचा स्टॉल करंट, हे मात्र कोणी विचारत नाही. सर्वोंना आणि रिसीव्हरला वीज येते ती बहुतेकदा ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीतून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागातून. तो लिनियर असेल तर जादा व्होल्टेज नुसती उष्णता करून घालवतो. ४ सेलच्या लायपो बॅटरीचे १४.८ व्होल्ट ५ वर आणायचे म्हणजे दर अँपिअरमागे जवळपास १० वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या भागात! ३ सेलवर हेच ६ वॉट. म्हणून सेल वाढले की तोच बीईसी कमी सर्वो झेपवतो.

मोटर बंद पडली तर विमान तरंगत तरी उतरवता येतं. व्होल्टेज पडून रिसीव्हर रिसेट झाला तर हातात फक्त स्टिक उरतात.

वेगळा, फार न तापणारा स्विचिंग बीईसी लावायचं ठरवलंय. वजन थोडं वाढेल, वाढू दे. तुम्ही सर्वोंचा स्टॉल करंट मोजून बघता, की डबीवरच्या आकड्यावर भागवता?